पंख्याची धाप

माझ्या भावजींना आवाज सोसत नसे, आणि त्यांनी लग्न केलं आमच्या ताईशी, जिचं पोटच आवाजावर होतं. त्यात मेव्हणी म्हणून वाट्याला आले मी. मी त्यांच्या समोरच्याच दारात राहते, लोकांचे कपडे शिवते आणि माझा गळा माझ्या शिलाई मशीनपेक्षा मोठा आहे. जिन्यातून मी "ताई!" अशी हाक घातली की भावजी दार उघडून म्हणायचे, "मेव्हणीबाई, दाराला बेल लावलीय. ती तुमच्याहून हळू वाजते."

भावजी कॉम्प्युटर जोडून द्यायचे. मागच्या गल्लीत चिंचोळं दुकान, त्यात ते आणि त्यांचा जोडीदार, आणि दोघांच्या मध्ये पोट उघडून ठेवलेले डबे. दिवसभर पंखे कानाशी घोंघावत. त्यामुळे घरी आल्यावर त्यांना फ्रिजची घरघरसुद्धा नको वाटे. ताटलीत चमचा ठेवायचा तर असा ठेवत, जणू ताटलीला नुकतीच झोप लागलीय. जिन्यातली सगळी बिऱ्हाडं त्यांना 'हळूभाऊ' म्हणत. हे नाव मीच पाडलं होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

ताईचा आवाज बहुतेकांनी ऐकलेला असतो, पण ताईला कुणी ओळखत नाही. फोन लावल्यावर 'कृपया प्रतीक्षा करा' म्हणणारी ती. लिफ्टमध्ये मजला सांगणारीही तीच. हे सगळं ती घरात बसून बोलते. स्वयंपाकघराच्या मागे सामानाची एक खोली आहे, बिनखिडकीची. तिच्या भिंतींना मी जाड रजया शिवून दिल्या, दाराला तर आतून दुहेरी. आत एक टेबल, एक माइक आणि भावजींनी जोडलेला कॉम्प्युटर. तो बाहेर ठेवून नुसती वायर आत घ्या, असं शहाणपण मी एकदा शिकवलं होतं. भावजी म्हणाले, "वायरीपुरती फट ठेवली तर तिच्यातून सगळा रस्ता आत येईल." शिवाय बोलता बोलता पडद्यावर लक्ष ठेवायचं, चुकलं की थांबवायचं, हे ताई एकटीच करायची.

आता अडचण अशी, की त्या डब्याला वारा लागतो, आणि वारा म्हणजे पंखा, आणि पंखा म्हणजे आवाज. माइकला माणसासारखं दुर्लक्ष करता येत नाही. तो पंख्याची घरघर जशीच्या तशी उचलतो. पंखा थांबवला तर डबा त्या रजयांच्या खोलीत भट्टीसारखा तापतो, मग सुस्तावतो, आणि शेवटी काही न सांगता बंद पडतो, तोवर बोललेलं सगळं पोटात घेऊन.

भावजींनी या भांडणात आयुष्याची कितीतरी वर्षं घातली. कंपनीने दिलेला चिमुकला, किरकिऱ्या पंखा काढून त्यांनी पंजाएवढा मोठा बसवला. तो सावकाश फिरायचा आणि तेवढाच वारा द्यायचा. स्क्रूंच्या खाली रबर घातलं. हार्ड डिस्क रबरी पट्ट्यांवर अधांतरी टांगली, म्हणजे तिची थरथर पत्र्याला कळू नये. पत्र्याला आतून स्पंज चिकटवला, तर स्पंजाने आवाजाबरोबर उष्णताही धरून ठेवली. मग अर्धा स्पंज खरवडून काढला. आवाज कमी केला की ताप वाढे, ताप उतरवला की आवाज चढे. आजारी मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा ते डब्यावर तळहात ठेवून बसत. ताई म्हणायची, "मला ताप आला तर एवढं कुणी बघत नाही." ते म्हणायचे, "तू तापलीस की कळतं गं. ऐकूच येतं."

आणि त्यातूनही जो काही आवाज उरे, त्यासाठी दोघांनी आपसांत एक रीत पाडली होती. वाक्य बोलायच्या आधी ताई हात वर करी. भावजी डब्यामागचं बटण दाबून पंखा थांबवत आणि त्याच क्षणी आपला श्वासही रोखून धरत. ताई वाक्य बोले, थोडं थांबे आणि म्हणे, "सोडा." मग पंखा सुटे आणि भावजींचा श्वासही. पण श्वास मात्र क्षणभर उशिरा, ताईचं खरंच झालंय ना याची खात्री करून, आणि त्याच्या शेपटाला शिट्टीसारखा बारीक सूर असे, कारण छातीचं दुखणं त्यांना लहानपणापासूनचं. 'सोडा' हा शब्द ताई नंतर कापून टाकी. मी हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा तोंडात पदर कोंबून हसले. "ताई, नवरा केलास की पाणबुड्या?" असं बाहेर आल्यावर विचारलं. भावजीही हसले, आवाज न करता.

एक दिवस त्यांनी मला मुद्दाम बोलावलं आणि त्या खोलीत उभं केलं. "ऐका," म्हणाले. मी कान टवकारले. कॉम्प्युटर चालू होता, पंखा फिरताना दिसत होता, पण ऐकू काहीच येत नव्हतं. मी तसं म्हटलं, तेव्हा त्यांचा चेहरा पहिला नंबर आलेल्या पोरासारखा फुलला. पण मी खोटं बोलले होते. त्या शांततेत एक आवाज होता. आत जाणारा, अडखळणारा, बारीक शिट्टी वाजवत बाहेर येणारा. सगळे आवाज मारून झाल्यावर खोलीत त्यांचा श्वास तेवढा उरला होता, आणि त्या वर्षी तो वाढत चालला होता.

थोड्याच दिवसांत ताईचं एक काम परत आलं. तिला कामं मिळवून देणारी एक बाई आहे, तिने लिहिलं होतं, 'मागे कुणीतरी श्वास घेतंय.' ताईने पडदा झटकन झाकला, पण भावजींनी वाचायचं ते वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलून दाराबाहेर, स्वयंपाकघरात मांडली. "डबा गप्प झाला, आता माझा नंबर," म्हणाले. आत बटण दाबायला कुणी नसणार म्हणून त्यांनी बटणच काढून टाकलं आणि पंख्याची जबाबदारी कॉम्प्युटरवर सोपवली. ठरावीक उष्णतेच्या खाली पंखा थांबलेला, वर गेली की आपला आपण चालू. ताई "नको हो, आतच बसा" म्हणाली. पण फार जोर लावून म्हणाली नाही. हे ती मला स्वतः सांगते, पुन्हा पुन्हा सांगते.

भावजी त्या खुर्चीतच गेले. भर दुपारी, ताई आत कुठल्याशा बँकेचं 'एक दाबा, दोन दाबा' बोलत असताना. ती बाहेर आली तेव्हा ते ताठ बसलेले होते, हात गुडघ्यांवर, तोंड किंचित उघडं. धाप लागली असणार, हाक मारली असणार किंवा मारता आली नसणार. आत काही ऐकू गेलं नाही. दाराच्या रजया मीच दुहेरी शिवल्या होत्या, आणि त्या चांगल्या शिवल्या होत्या. माणसं जमली, डॉक्टर येऊन गेले. मग ताई माझा हात धरून म्हणाली, "आज मी 'सोडा' म्हटलंच नाही गं. ते आत नव्हते ना."

दिवस गेले. घर चालवायचं तर ताईला बोलणं भाग होतं. एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टचं काम आलं, सगळे मजले, सगळ्या सूचना. ताईने बोलून पाठवलं, आणि ते परत आलं. सोबत तेच वाक्य होतं, 'मागे कुणीतरी श्वास घेतंय.'

ताईने मला बोलावून कानांवर हेडफोन चढवले. ताईचा स्वच्छ आवाज आला, "चौथा मजला." मग तिच्या मागून, लांबून, कुणीतरी हवा आत ओढली. थांबलं. सोडली. पुन्हा ओढली. मी हेडफोन काढून फेकलेच. अंगावर सरसरून काटा आला होता, आणि मी काही घाबरट नाही. जिन्यातल्या दोन कुत्र्यांना मी नुसत्या आवाजाने खाली घालवलंय. ताई मात्र शांत होती. "तुलाही ऐकू आलं ना?" म्हणाली. "मला वाटलं, मलाच येतंय."

मी भावजींच्या जोडीदाराला दुकानातून ओढून आणलं. त्याने डबा उघडला, पडद्यावर काय काय पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "पंखाच आहे, ताई," म्हणाला. "चालू व्हायची उष्णता आणि बंद व्हायची उष्णता एकच ठेवलीय. जरा तापलं की पंखा सुटतो, जरा निवलं की थांबतो, लगेच परत तापतं. म्हणून धाप लागल्यासारखा चालतो. दोन्हींत थोडं अंतर ठेवायचं, म्हणजे झालं." माझ्या जिवात जीव आला. पण तो तिथेच घुटमळला. "एक कळत नाही," म्हणाला. "अंतर ठेवायचं, हा पहिला धडा मला त्यांनीच शिकवला होता. हे त्यांच्या हातून होणार नाही."

"तू करून टाक ना," मी म्हटलं.

"नको," ताई म्हणाली, आणि माउसवर हात ठेवून बसली.

तो गेल्यावर आमची जुंपली. काम देणाऱ्या बाईने स्पष्ट सांगितलं होतं, आठवडाअखेर स्वच्छ आवाज आला नाही तर इस्पितळ दुसरा आवाज घेईल. आणि एकदा असं झालं की ताईकडे पुन्हा कुणी यायचं नाही. ताईला दुसरं काही येत नाही. शिलाई शिकवायचा प्रयत्न मी करून पाहिला आहे; तिने बाही खिशाच्या जागी लावली होती. मी तिला म्हटलं, "ताई, तो पंखा आहे. पत्र्याचा आणि प्लॅस्टिकचा पंखा."

"असेल."

"मग?"

"मी त्यांना खोलीबाहेर बसवलं," ताई म्हणाली. "आता डब्यातूनही काढू?"

घरी जाऊन मी दोन ब्लाउज उलटे शिवले. मला तिचा राग आला होता, आणि भावजींची आठवणही येत होती, आणि दोन्ही एकदम आलं की माझा हात चालत नाही.

मुदतीच्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले आणि तडजोड मांडली. कॉम्प्युटरमधलं काही बदलायचं नाही. मी आत बसते, भावजी बसायचे तिथे. बटण आता नाही, तर तुझ्या बोलण्यापुरती पंख्याची वायरच उपसून हातात धरते. तुझं झालं की परत लावते. ताईने भावजींची खुर्ची माझ्याकडे सरकवली. "श्वास रोखता येईल तुला?" तिने विचारलं. "तुझं तोंड तरी बंद राहील?"

दार लावलं. रजयांनी बाहेरचं जग गिळून टाकलं. डब्याची एक बाजू उघडी होती. आत पंखा धापा टाकत होता. फिरायचा, थांबायचा, फिरायचा. ताईने हात वर केला. मी वायर उपसली आणि श्वास धरला. पाती थांबली.

ताईने वरच्या मजल्यापासून सुरुवात केली. एकेक मजला खाली येत होती. प्रत्येक वाक्यानंतर मी हळूच श्वास घ्यायची, तोंड पदरात धरून. वायर मध्येच लावू का, असं मी खुणेने विचारलं. ताईने नाही म्हटलं, सगळं एका दमात संपवायचं होतं. खोली तापत गेली. डब्यावर हात ठेवला तर चटका बसला. आणि शांतता अशी, की मला ती आवडेना. ती रिकाम्या खोलीची शांतता नव्हती. शाळेत लपाछपी खेळताना दाराच्या मागे कुणीतरी उभं असतं, आणि ते दिसत नाही, ऐकू येत नाही, तरी तिथे आहे हे आपल्याला कळतं, तशी ती होती. मी श्वास रोखला होता, ताईने रोखला होता, आणि त्या खोलीत आम्ही दोघीच श्वास रोखून बसलो नव्हतो. हे मी शपथेवर सांगेन, आणि कुणी हसलं तर हसू दे.

"तळमजला," ताई म्हणाली. "कृपया सावकाश उतरा."

झालं होतं. ती थांबली. मी वायर लावायला वाकले, तर घाईत ती जागेवर बसेना. ताई एकदम उठली. "अगं, गुदमरतायत ते!" तिने माझ्या हातातून वायर हिसकावली, एका झटक्यात जागेवर खोचली आणि डब्यावर वाकून, नवऱ्याच्या कानाशी बोलावं तसं म्हणाली, "सोडा. सोडा हो आता."

पंखा लगेच फिरला नाही. क्षणभर तसाच राहिला. मग सुटला, एकसंध, लांब, थांबतच नव्हता. गरम हवेचा झोत आमच्या तोंडावर आला, आणि झोताच्या अगदी शेवटी बारीक शिट्टी वाजली. नंतर तो इतक्या हळू फिरू लागला की ऐकूच येईना.

त्यानंतर पंख्याला धाप लागली नाही. जोडीदार दुसऱ्या दिवशी येऊन पाहून गेला. दोन्ही उष्णता होत्या तशाच होत्या, एकच. "असं असेल तर धाप लागायलाच हवी," तो म्हणाला, मग म्हणाला, "वायर आधी नीट बसली नसेल, तुम्ही काढून लावलीत म्हणून." पण उघडायला जेवढा वेळ लागला होता त्याच्या निम्म्या वेळात त्याने डबा बंद केला, आणि चहाला थांबला नाही. ताई दारात उभी होती. "गेले गं," म्हणाली, आणि भावजी गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडली. मी तिला धरून बसले. एवढा आवाज त्या घरात कधीच झाला नसेल.

काम पास झालं. पुढची कामंही येऊ लागली.

पुढे केव्हातरी मी डोळे दाखवायला त्याच इस्पितळात गेले. वरून खाली यायला लिफ्टमध्ये शिरले, तर ताई बोलू लागली. मला उगाच ऐट वाटली; शेजारच्या बाईला सांगणारही होते. लिफ्ट खाली टेकली. "तळमजला," ताई म्हणाली. "कृपया सावकाश उतरा." दार उघडायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात पुन्हा तिचा आवाज आला, हळू, अगदी जवळून. "सोडा. सोडा हो आता."

त्या दिवशीच्या गोंधळात तिने माझ्यावर ओरडलेलं तेवढं कापलं होतं, तो शब्द कापलाच नव्हता, आणि तसंच पाठवून दिलं होतं. काम देणाऱ्या बाईने वरचे मजले ऐकले असतील. तळमजल्यापर्यंत कोण ऐकत बसतंय? मी घरी येऊन सांगितलं, तर ताईचा चेहरा पांढराफटक पडला. कळवायला हवं, म्हणाली, हसं होईल. मग म्हणाली, आधी मला ऐकू दे.

आम्ही दोघी गेलो. वरून निघालो तेव्हा लिफ्ट भरलेली होती. आम्ही दाराशी, बाकी सगळे मागे. इस्पितळाच्या लिफ्टमध्ये माणसं कशी उभी असतात ते ठाऊक आहे ना? हातात रिपोर्ट, नजर आकड्यांवर, आणि कुणीच धड श्वास घेत नाही. मजले सरत गेले. ताई स्वतःचाच आवाज मान खाली घालून ऐकत होती. लिफ्ट टेकली.

"तळमजला. कृपया सावकाश उतरा." आणि मग, "सोडा. सोडा हो आता."

सगळ्या लिफ्टने श्वास सोडला. कुणी ठरवून नाही. सांगितलं म्हणून सुटला, एवढंच. एका म्हातारबुवांचे खांदे खाली आले. एक मुलगी स्वतःशीच हसली. माझाही सुटला. मग शांत झालं, आणि दार सरकायच्या आत, मागच्या गर्दीतून आणखी एक श्वास सुटला. क्षणभर उशिरा. शेवटी बारीक शिट्टी.

ताईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दार उघडलं. आम्ही दोघी सावकाश उतरलो आणि मागे न बघता रस्त्यापर्यंत चालत गेलो. तिथे ताईने माझं मनगट सोडलं आणि म्हणाली, "कळवायचं नाही कुणाला."

मी मान हलवली. माझ्या तोंडून आवाजच फुटला नाही.